टॅबवर अपडेट आले आहे : घ्यावे की थांबावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या शाळेत बारा टॅब आहेत. त्यांपैकी आठ गावाने २०२१ साली लोकवर्गणीतून घेतले. ते अँड्रॉइड ११ चे, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचे आहेत. उरलेले चार एका दात्याने आपल्या कार्यालयातले वापरलेले दिले, ते अँड्रॉइड ८ वर आहेत. गेल्या मे महिन्यात आठांपैकी एका टॅबवर मी अपडेट घेतले. एकामागून एक अपडेट येत गेले आणि तो आता अँड्रॉइड १४ वर आहे. पण तेव्हापासून तो इतका मंद चालतो की मुले त्याला हात लावीत नाहीत. त्यात ९०० एमबी जागा शिल्लक दिसते. बाकीच्या सात टॅबवर रोज सूचना येते आणि आम्ही रोज 'नंतर' दाबतो. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतात, "चालू हाय ना मॅडम, मंग कायले हात लावता?" दारव्ह्याच्या मोबाइल दुकानदाराचे म्हणणे असे की, जुनी यंत्रे मंद व्हावीत म्हणूनच कंपन्या अपडेट पाठवतात. केंद्रप्रमुख सांगतात की अपडेट न घेणे धोक्याचे आहे. माझी मुलगी बारावीला असून तिला नीटच्या तयारीसाठी शासकीय योजनेतून टॅब मिळाला आहे. त्यावरही हीच सूचना आहे. दिवाळीची सुटी जवळ आली आहे. आम्ही काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण टॅबची रॅम, स्टोरेज, आवृत्ती आणि शिल्लक जागा एवढे सगळे नेमके लिहून पाठवणारी पत्रे फार थोडी येतात, आणि ते लिहिले नसते तर मला मोघम उत्तर द्यावे लागले असते. आधी माझे मत सांगतो. लोकवर्गणीच्या सात टॅबवर अपडेट घ्यावे. मात्र ते आज घेऊ नये, आणि सातही टॅबवर एकदम घेऊ नये. दात्याने दिलेल्या चार टॅबबाबत अपडेटचा प्रश्नच उरलेला नाही, त्यांचा वापर बदलावा लागेल. मुलीच्या टॅबवर तिची परीक्षा होईपर्यंत आवृत्ती बदलणारे अपडेट घेऊ नये.

'अपडेट' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, जिला सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच' म्हणतात. हिने पडद्यावर काहीही बदललेले दिसत नाही. आतल्या प्रणालीत सापडलेले भोक तेवढे बुजवले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे आवृत्तीचा बदल, म्हणजे ११ वरून १२, १२ वरून १३ असा. यात दिसणे, चालणे, ॲपना दिलेल्या परवानग्या, आतली व्यवस्था असे सगळेच हलते. घराचे उदाहरण घ्यायचे तर पहिल्यात गळके कौल बदलले जाते आणि दुसऱ्यात भिंती हलवल्या जातात. दोन्हींना आपण 'घराचे काम' म्हणतो, पण दोन्हींसाठी लागणारी तयारी एकसारखी नसते.

सुरक्षेच्या दुरुस्तीला मी इतके महत्त्व का देतो, तेही सांगतो. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखला जाणारा दोष उघड झाला. चित्रफिती उघडणाऱ्या आतल्या भागातच तो दोष होता आणि मुद्दाम तयार केलेला एक मल्टिमीडिया संदेश पाठवून, वापरणाऱ्याने काही दाबलेही नसताना, उपकरणात शिरता येणे त्यामुळे शक्य झाले होते. या घटनेनंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, गूगलने अँड्रॉइडच्या सुरक्षेची माहितीपत्रके आणि दुरुस्त्या दर महिन्याला काढण्यास सुरुवात केली. दुरुस्ती निघते तेव्हा दोष कोणता होता हेही जगाला कळते, आणि म्हणून ज्याने ती घेतली नाही त्याचे उपकरण दुरुस्ती निघण्यापूर्वी होते त्याहून अधिक उघडे पडते. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्यात दीडशेहून अधिक देशांतले विंडोज संगणक कुलूपबंद झाले. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे संगणक त्यात अडकले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तेही संगणक त्या दिवसापर्यंत 'चालूच' होते. आपल्या अध्यक्षांना हे उदाहरण अवश्य सांगावे, कारण त्यांची काळजी खोटी नाही. गावाने पैसा पैसा गोळा करून घेतलेली वस्तू बिघडू नये एवढेच त्यांना म्हणायचे आहे.

मग सुरक्षेची दुरुस्ती तेवढी घ्यावी आणि आवृत्तीचा बदल टाळावा, असे आपल्याला वाटेल. मीही पूर्वी असाच सल्ला देत असे. पण व्यवहारात ते फार काळ चालत नाही, आणि हा भाग सहसा कोणी समजावून सांगत नाही. उपकरण बनवणारी कंपनी एखाद्या मॉडेलसाठी १२ वी आवृत्ती काढते, तेव्हा बहुतेक वेळा त्यापुढच्या सुरक्षा दुरुस्त्या १२ साठीच तयार होतात; ११ वर थांबलेल्याला त्या वेगळ्या मिळत नाहीत. म्हणजे आपण रोज 'नंतर' दाबता तेव्हा केवळ नवे रूप नाकारत नसता, तर ११ वर असतानाची शेवटची दुरुस्ती जिथे थांबली तिथेच टॅबला थांबवून ठेवत असता. हे तपासणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये 'टॅबलेटविषयी' या भागात जाऊन 'सॉफ्टवेअर माहिती' उघडावी. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि तिच्याखाली 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' म्हणून एक तारीख दिसेल. ती तारीख दोन-अडीच वर्षांपूर्वीची असेल, तर त्या टॅबवर त्यानंतर सापडलेले सगळे दोष जसेच्या तसे आहेत असे समजावे. ज्या टॅबवर इंटरनेट चालते, ज्यावर कोणाचे ईमेल खाते उघडलेले आहे किंवा मुलांची माहिती भरली जाते, तो टॅब या स्थितीत ठेवणे मला पटत नाही.

आता दुकानदाराच्या आरोपाकडे वळतो, कारण तो सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले की, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी करण्यात आला होता. कारण असे दिले की, अन्यथा फोन अचानक बंद पडत होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. नव्या यंत्रासाठी आखलेली आवृत्ती जुन्या यंत्रांच्या मालकांना घ्यायला लावली, तिने यंत्राचे काम बिघडेल हे त्यांना नीट सांगितले नाही आणि आधीच्या स्थितीला परत जाण्याची सोयही दिली नाही, असा ठपका होता. तेव्हा ग्राहकाला अंधारात ठेवले गेले हे खरे आहे. पण त्यावरून प्रत्येक अपडेट यंत्र मारण्यासाठीच येते, असा निष्कर्ष निघत नाही, आणि आपल्या मंद पडलेल्या टॅबचे कारण तर मला आपल्याच पत्रात दिसते आहे.

ते कारण म्हणजे ९०० एमबी. ३२ जीबीच्या टॅबमध्ये निम्म्याच्या आसपास जागा प्रणाली आणि मूळ ॲप व्यापतात. उरलेल्या जागेत आपण धड्यांच्या चित्रफिती भरल्या आहेत असे दिसते. या टॅबमधील साठवणूक ज्या प्रकारच्या चिपवर होते, तिला लिहिण्यासाठी मोकळी जागा हाताशी लागते. जागा संपत आली की प्रत्येक छोटी गोष्ट लिहिण्यापूर्वी तिला जुने हलवून, पुसून, मग नवे लिहावे लागते आणि सगळा टॅब रखडू लागतो. गोदामात पोत्यांची थप्पी दारापर्यंत आली की आतले एक पोते काढण्यासाठी दहा पोती बाहेर ठेवावी लागतात, तसे हे आहे. शिवाय आवृत्ती बदलल्यानंतर टॅब सगळी ॲप नव्या प्रणालीसाठी आतल्या आत पुन्हा तयार करीत असतो. ते काम एक-दोन दिवस चालते आणि तेवढ्या वेळात यंत्र गरम व मंद राहणे स्वाभाविक असते. आपण तर तीन आवृत्त्या ओळीने घेतल्या, आणि त्याही मे महिन्यात. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो, शाळेची खोली टिनाची असेल तर आत त्याहून वाईट स्थिती असते. लिथियम बॅटरीची उपकरणे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावीत असे बनवणारेच सांगतात; त्याहून गरम हवेत टॅब चार्जिंगला लावून अपडेट चालवले, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते आणि बॅटरीचे आयुष्यही कायमचे घटते.

म्हणून त्या आठव्या टॅबला टाकून देऊ नये. उलट तोच आपला चाचणीचा टॅब आहे, आणि तो आयता तयार आहे. त्यातल्या सगळ्या चित्रफिती मेमरी कार्डवर हलवाव्यात, न लागणारी ॲप काढावीत, किमान ६ ते ८ जीबी जागा मोकळी करावी आणि बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानंतर दोन दिवस तो रोजच्यासारखा वापरावा. माझा अंदाज असा आहे की त्याचा मंदपणा बराचसा जाईल, पूर्ण जाणार नाही. ३ जीबी रॅमवर अँड्रॉइड १४ चालते, पण एका वेळी एकच ॲप उघडे ठेवण्याची शिस्त मुलांना लावावी लागते. एवढे करूनही टॅब चालेना, तर मात्र माझे मत बदलेल, आणि ते कसे, ते पुढे सांगतो.

नवे अपडेट निघाल्या दिवशी घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ निघाले तेव्हा एम४ चिपच्या आयपॅड प्रोपैकी काही टॅब अपडेट घेताना बंदच पडले, आणि ॲपलला त्या मॉडेलसाठी ते अपडेट काही काळ मागे घ्यावे लागले. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, गूगलच्याच पिक्सेल उपकरणांवर अँड्रॉइड १४ घेतल्यानंतर, ज्यांवर एकाहून अधिक वापरकर्त्यांची खाती होती अशा काहींना स्वतःच्या फाइलीच उघडता येईनात. स्वतःची उपकरणे आणि स्वतःची प्रणाली असलेल्या कंपन्यांची ही गोष्ट आहे. सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी एक-दोन आठवडे आणि आवृत्तीसाठी दोन-तीन महिने थांबले, तर असे दोष आपल्या आधी दुसऱ्यांना सापडतात. आपल्या बाबतीत मात्र हा मुद्दा आता मागे पडला आहे, कारण १४ वी आवृत्ती पुरेशी जुनी झालेली असून तिचे सुरुवातीचे दोष निस्तरले गेले आहेत. आपल्याला धोका आहे तो वेगळाच, आणि तो शाळेच्या ॲपचा आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पुसद भागात मी शाळांचे संगणक आणि टॅब पाहत असे, तेव्हाची ही गोष्ट आहे. एका शाळेत दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते म्हणून आदल्या संध्याकाळी मी दहाही टॅबवर अपडेट लावून दिले. सकाळी मुले येऊन बसली, आणि ज्या ॲपवर ती रोज गणिते सोडवीत ते ॲप एकाही टॅबवर उघडेना. पांढरा पडदा येई आणि ॲप बंद होई. ते ॲप ज्यांनी पुरवले होते त्यांनी त्याचे काम केव्हाच थांबवले होते, त्यामुळे नवी आवृत्ती कुठून आणणार? घाईघाईत मी एक टॅब फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे आतले सगळे पुसून तो कोरा केला. पहिलीच्या वर्गशिक्षिकेने त्या टॅबवर आपल्या मुलांचे वाचन जुलैपासून ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. एकच मुलगी जुलैमध्ये 'क...म...ळ' असे एकेक अक्षर चाचपडत वाचते आहे आणि जानेवारीत सबंध परिच्छेद न थांबता वाचते आहे, असे ते मुद्रण होते. ते पुसले गेले. शिक्षिका मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी टॅब हातात घेतला, दोनदा वरखाली सरकवून पाहिला आणि परत ठेवला. त्या दिवसापासून, टॅबमधले सगळे बाहेर काढून ठेवल्याशिवाय मी कोणाच्याही टॅबला हात लावलेला नाही.

आणि एकदा पुढची आवृत्ती घेतली की परतीची वाट नसते, हे नीट ध्यानात घ्यावे. जुन्या दोषांचा फायदा घेता येऊ नये म्हणून नवे टॅब मागची आवृत्ती स्वीकारतच नाहीत. ॲपलच्या बाबतीत तर जुनी आवृत्ती चढवण्याची मंजुरी कंपनीच काही दिवसांत बंद करते. फॅक्टरी रीसेट केल्याने टॅब रिकामा होतो, पण तो राहतो नव्याच आवृत्तीवर. 'रीसेट मारला की पहिल्यासारखा होईल' असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वी, शाळा चालू असतानाच, त्या मोकळ्या केलेल्या आठव्या टॅबवर आठवडाभर प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. दीक्षा हे सरकारी अभ्यासाचे ॲप उघडते का, बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड कॅमेऱ्याने वाचला जातो का, मेमरी कार्डवरच्या चित्रफिती ॲपमधून दिसतात का, मराठी कीबोर्डवर जोडाक्षरे नीट उमटतात का, प्रोजेक्टर किंवा टीव्हीला टॅब जोडला जातो का, हे एकेक करून पाहावे. मेमरी कार्डाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अँड्रॉइड ११ पासून ॲपनी वाटेल त्या फोल्डरमध्ये डोकावण्यावर बंधने आली आणि जुनी ॲप तिथेच अडखळतात. दुसरी एक अडचण शिक्षकांच्या गटांत फिरणाऱ्या ऑफलाइन ॲपची आहे. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या काळासाठी बनवलेली ॲप अँड्रॉइड १४ नव्याने बसवूच देत नाही. आधीपासून बसवलेले असे ॲप अपडेटनंतर तसेच राहते, पण ते एकदा काढले किंवा टॅब रीसेट झाला, की पुन्हा बसवता येत नाही. आपल्याकडे असे एखादे जुने, पण रोज लागणारे ॲप असेल, तर किमान एक टॅब त्याच्यासाठी ११ वरच राखून ठेवावा आणि त्याला इंटरनेट जोडू नये.

मुलांच्या बाजूनेही पाहावे. दुसरीतले मूल ॲपचे नाव वाचून ते उघडत नाही, आणि चित्र पाहूनही नेहमीच उघडत नाही. खालून दुसऱ्या ओळीत उजवीकडून तिसरे, अशी जागा त्याच्या बोटाला पाठ झालेली असते. आवृत्ती बदलल्यावर, विशेषतः मोठ्या पडद्यांसाठी २०२२ मध्ये आलेल्या १२एल नंतर, काही टॅबच्या तळाला ॲपची नवी पट्टी आली आणि मांडणी हलली. सुटीनंतर पहिल्या दिवशी मुलांच्या हाती टॅब देण्याआधी चिन्हे पूर्वीच्या जागी लावून ठेवावीत. याला प्रत्येक टॅबमागे पाच मिनिटे लागतात; ती दिली नाहीत, तर दहा दिवस 'बाई, माझं हरवलं' ऐकावे लागते.

प्रत्यक्ष अपडेट घेण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करावी, जी शाळांमध्ये हमखास राहून जाते. प्रत्येक टॅबवर कोणाचे गूगल खाते आहे? बहुतेक ठिकाणी टॅब आले तेव्हा जे शिक्षक होते त्यांनी आपले खाते घालून ते सुरू केलेले असतात, आणि पुढे त्यांची बदली होते. अपडेट बिघडून रीसेट करण्याची वेळ आली, तर टॅब आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही. चोरीपासून संरक्षण म्हणून ही सोय आहे, पण बदली झालेल्या गुरुजींना आपला तीन वर्षांपूर्वीचा पासवर्ड आठवत नसतो. आताच शाळेच्या नावाने एक खाते उघडावे, त्याला शाळेकडेच राहील असा मोबाइल क्रमांक जोडावा, सातही टॅबवर ते खाते घालून जुनी खाती काढावीत, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या ताब्यातील नोंदवहीत लिहून ठेवावा.

डेटाचा हिशेबही आधी करावा. आवृत्तीचे एक अपडेट साधारण दीड ते दोन जीबीचे असते आणि ११ वरून १४ वर बहुतेकदा पायरीपायरीनेच जावे लागते, म्हणजे एका टॅबला पाच-सहा जीबी धरावेत. एका टॅबने उतरवलेले अपडेट दुसऱ्याला देता येत नाही, प्रत्येकाला वेगळे उतरवावे लागते; सात टॅबचे मिळून चाळीस जीबीच्या घरात जाते. रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर हे काम शिक्षिकेने स्वखर्चाने करावे असे मला वाटत नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट पोचवणाऱ्या सरकारी योजनेची, जोडणी चालू असेल, तर सरपंचांना विनंती करून सुटीत दोन-तीन दिवस टॅब तिथे नेऊन ठेवावेत. नसेल, तर समितीच्या सभेत एका महिन्याच्या मोठ्या रिचार्जचा ठराव घ्यावा. गावाने टॅब घेतले आहेत, तर ते जपण्याचा खर्चही गावाच्या हिशेबात दिसायला हवा.

लाइनची चिंता आपण पत्रात केली नाही, पण ती आपल्या मनात असणारच. अपडेट चढत असताना लाइन गेली, तरी टॅबला स्वतःची बॅटरी आहे. सुरुवातीला ती ६०-७० टक्क्यांच्या वर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. उतरवणे मध्येच तुटले, तर ते पुढे चालू होते. धोका असतो तो पडद्यावर कंपनीचे चिन्ह किंवा टक्केवारी दिसत असताना, 'अडकला वाटते' म्हणून कोणी पॉवरचे बटण दाबून धरले तर. जुन्या टॅबवर टक्केवारी एका आकड्यावर वीस-पंचवीस मिनिटेही थांबते. एक तासभर त्याला एकटे सोडावे. काम सकाळी लवकर किंवा रात्री करावे, टॅबचे कव्हर काढून तो फरशीवर मोकळा ठेवावा, आणि पहिल्या दिवशी दोनच टॅब घ्यावेत.

मघाशी म्हटले होते की आठवा टॅब साफ करूनही चालेना, तर माझे मत बदलेल. तसे झाले, तर सात टॅबपैकी दोनच पुढच्या आवृत्तीवर न्यावेत आणि इंटरनेटची सगळी कामे त्यांवरच करावीत. उरलेल्या पाचांचे वायफाय बंद करून, खाती काढून, ते निव्वळ मेमरी कार्डवरच्या धड्यांसाठी वापरावेत. ज्याला इंटरनेटच नाही, त्याला बाहेरून धोकाही फार थोडा.

दात्याने दिलेल्या चार टॅबसाठी तर हाच एक मार्ग आहे. अँड्रॉइड ८ हे २०१७ चे. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या केव्हाच थांबल्या आहेत आणि क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२५ पासून अँड्रॉइड १० च्या खाली चालत नाहीत. दाता भला माणूस आहे, टॅबही वाया गेलेले नाहीत. गोष्टी ऐकणे, पाढे, चित्रे काढणे यांसाठी ते अजून काही वर्षे चालतील. मात्र त्यांवर कोणाचेही बँकेचे, यूपीआयचे किंवा ईमेलचे खाते उघडू नये, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण गावात सगळ्यांना सांगावी अशी आहे. खरे अपडेट फक्त सेटिंग्जमधूनच येते. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, ब्राउझरमध्ये अचानक उगवलेली 'आपली प्रणाली जुनी आहे, इथे दाबा' अशी पाटी, किंवा फोनवरून 'मी कंपनीतून बोलतो, अपडेट करून देतो' असे सांगणारा माणूस, हे तिन्ही खोटे असतात. २०२१ मध्ये 'सिस्टीम अपडेट' याच नावाचे एक हेरगिरी करणारे ॲप सुरक्षा संशोधकांना सापडले होते. ते प्ले स्टोअरबाहेरून पसरत होते आणि संदेश, छायाचित्रे, संभाषणे असे सगळे चोरून पाठवीत होते. कोणी फसलेच आणि पैसे गेले, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते.

राहिला आपल्या मुलीचा टॅब. महाज्योतीसारख्या संस्थांकडून जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी मिळणारे टॅब अभ्यासाच्या ठरावीक ॲपवर अवलंबून असतात, आणि अशा टॅबवर देणाऱ्या संस्थेची काही बंधने बसवलेली असू शकतात. फेब्रुवारीत बारावीची लेखी परीक्षा आहे, मेच्या सुरुवातीला नीट. या काळात आवृत्ती बदलून एखादे सराव परीक्षेचे ॲप आठ दिवस बंद पडले, तर ते दिवस तिला कोणी परत देणार नाही. तेव्हा सुरक्षेची दुरुस्ती आली तर एखाद्या रविवारी, पेपर नसताना, घ्यावी. आवृत्ती बदलणारे अपडेट मात्र नीट होईपर्यंत थांबवावे. सूचनेत आवृत्तीचा आकडा बदलणार असे लिहिले असेल तर तो आवृत्तीचा बदल, आणि केवळ महिन्याचे नाव व शंभर-चारशे एमबीचा आकार दिसत असेल तर बहुधा ती दुरुस्ती, असे ओळखावे. 'आपोआप अपडेट' हा पर्याय सेटिंग्जमध्ये चालू असेल, तर तो आजच बंद करावा, नाही तर रात्री चार्जिंगला लावलेला टॅब सकाळी वेगळाच उठेल. ज्या संस्थेने टॅब दिला तिच्या मदत क्रमांकावर एकदा विचारूनही घ्यावे. अपडेट घेतल्याने त्यांची ॲप बंद पडतात का, हे त्यांना ठाऊक असते. आणि तिच्या टिपणांची छायाचित्रे, उतरवलेले व्याख्यानांचे व्हिडिओ यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आजच काढून ठेवावी, अपडेट घ्यायचे असो वा नसो.

या आठवड्यात आपण एवढे करावे : आठवा टॅब मोकळा करावा, आणि बाकीच्या सातही टॅबच्या पाठीवर खडूने १ ते ७ आकडे घालून प्रत्येकाची सिक्युरिटी पॅचची तारीख, शिल्लक जागा आणि त्यावरचे गूगल खाते एका कागदावर उतरवावे. तो कागद मला पाठवावा. सुटी लागण्यापूर्वी मी उत्तर देईन, आणि पहिले दोन टॅब कोणते घ्यायचे ते त्या तारखा पाहून आपण ठरवू.